भोंगा न वाजलेलं गाव

भाऊबीजेला आईला घेऊन जळकोटला मामांकडं निघालो, तर वाटेत ऊसतोडीचे तीन ट्रक लागले. दोन भरधाव गेले. तिसरा एका वळणावर थांबला होता. चाक पंक्चर झालेलं, माणसं खाली उतरून बाभळीच्या सावलीला बसलेली. ट्रकात संसार रचलेला: ताडपत्र्या, कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, पत्र्याच्या पेट्या, घागरी, टोपलीखाली कोंबड्या, एक शेळी. आणि सावलीतल्या एका बाईच्या मांडीवर मिक्सर. वायर नीट गुंडाळलेली. लेकरू धरावं तसा धरलेला.

तो मिक्सर काही डोक्यातनं जाईना. घरी पोचलो, ओवाळणं झालं, फराळ झाला, मग मामांना विचारलं, “कोपीत लाईट नसते ना मामा? मग मिक्सर कशाला नेतात?”

“वापरायचाय कुणाला तिथं,” मामा म्हणाले. “पाच-सहा महिने घर बंद. तांड्यावर मागं राहतंय कोण? म्हातारी माणसं अन् कुत्री. मिक्सर सांभाळायला नेतात.”

मामांशी बोलताना आवाज चढवावा लागतो. त्यांची उमेदीची सगळी वर्षं नांदेडच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर गेली. त्या खडखडाटानं कान गेले ते गेलेच. पण साच्यावरची माणसं एकमेकांशी ओठांनी अन् हातवाऱ्यांनी बोलतात, ती विद्या मात्र शाबूत आहे. टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज बंद ठेवून बघतात आणि कोण काय खोटं बोललं ते बरोबर सांगतात.

ही मिल म्हणजे उस्मानशाही. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावाची. वरंगळला 1934 साली निघालेली आझम जाही ही तिची धाकटी बहीण, निजामाच्या मुलाच्या नावाची. पुढं उस्मानशाही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली, पाटीवर ‘नांदेड टेक्स्टाईल मिल’ आलं, तरी जुन्या माणसांच्या तोंडातलं नाव काही बदललं नाही. आता मिल नाही, आझम जाहीही नाही. मामांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मामी, दोन लेकरं आणि एक लोखंडी कपाट घेऊन जळकोटला परत आले आणि वडिलोपार्जित तीन एकरांत सोयाबीन करू लागले.

मी उदगीरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. या सहामाहीत ‘साहित्य आणि सिनेमा’ असा एक विषय गळ्यात पडला आहे. म्हणून महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ पुन्हा बघायचा होता. म्हटलं, बघायचाच तर मामांबरोबर बघू. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

सिनेमा 2010 चा, जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरनं निघालेला. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांत डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. तो संप रीतसर मागं असा घेतलाच गेला नाही, विरून गेला. त्यात एका चाळीतल्या एका घराचं काय झालं, ही गोष्ट. आई सीमा बिश्वास. तीन मुलं: एकाला लेखक व्हायचंय, एक क्रिकेटपायी खुळा, एक दादालोकांच्या नादी लागलेला. आणि एक बहीण.

मामांनी सवयीनं आवाज बंद केला. मीच रिमोट घेऊन पुन्हा चालू केला. पडद्यावर गिरणी आली की ते पुढं सरकून बसत, आणि एकदा म्हणाले, “हे पोरगं साच्यावरचं नाही. साच्यावरचा माणूस असा दोन पायांवर सारखा भार देऊन उभा राहत नाही.”

बंदुका निघाल्या आणि लाईट गेली.

*

ओट्यावर येऊन बसलो. समोरच्या घरावरची आकाशकंदिलाची माळही विझलेली. मामींनी आतनं चिमणी आणून कोनाड्यात ठेवली.

“बरी गेली लाईट,” मामा म्हणाले. “पुढचं कळालं मला. आता ते पोरगं मरणार.”

“तुम्ही आधी बघितलाय?”

“नाही. पण सिनेमात पिस्तूल आलं की पोरगं मरतंच. मला सांग, मिल बंद पडली की पोरं गुंड होतात, हे कुणी ठरवलं?”

मी म्हटलं, मुंबईत झालं तसं. गिरणगावातली बेकार पोरं टोळ्यांनी उचलली, ही काही मांजरेकरांच्या मनची गोष्ट नाही.

“झालं असल. मुंबई आहे ती. आमच्यातला मला एक दाखव गुंड झालेला. आम्ही वॉचमन झालो. माझ्या खात्यातले सहा जण मोजून सांगतो, सहाही वॉचमन. कुणी एटीएमवर, कुणी मंगल कार्यालयाच्या फाटकावर. एक तर शिकवणीच्या क्लासच्या दारात बसायचा, पोरांच्या सायकली मोजत. ज्या माणसाला चार साच्यांवरचे तुटलेले धागे न बघता कळायचे, त्यानं सायकली मोजल्या. ह्याच्यावर काढा म्हणावं सिनेमा. पण ह्याच्यात पिस्तूल नाही.”

हे मला पटलं, आणि पटलं म्हणूनच मी उलट्या बाजूनं शिरलो. भांडायचं असलं की समोरच्याची सगळ्यांत खरी गोष्ट मान्य करून सुरुवात करावी, ही मामांनीच शिकवलेली युक्ती.

“मामा, वॉचमन झाले ते झालेच. पण नांदेड काही मेलं नाही. मिल गेली आणि नांदेड वाढलंच. 2008 ला गुरू-ता-गद्दीचा सोहळा झाला, रस्ते झाले, पूल झाले. आज तिथल्या कॉलेजातल्या पोराला उस्मानशाही विचारा, त्याला ते बिर्याणीचं हॉटेल वाटेल.”

मामा हसले. बिर्याणी त्यांना ओठांवरनं लगेच कळाली.

“आणि इकडं जळकोट बघा. इथं भोंगा कधी वाजलाच नाही. इथं कारखाना नव्हता, मिल नव्हती, खाण नव्हती. जायला काही होतंच कुठं? मग ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी नाटकं, सिनेमे, कादंबऱ्या. ज्यांना कधी मिळालंच नाही त्यांच्यासाठी काय? तुमचं दुःख श्रीमंताचं आहे मामा.”

“श्रीमंताचं?” ते जरा थांबले. “पाच वर्षं बदली होतो मी. पाच वर्षं. पहाटे फाटकाशी जाऊन उभं राहायचं. पर्मनंट माणूस नाही आला तर त्याच्या जागी काम. आला तर घरी. दुसऱ्याच्या पोराला ताप यावा, त्याची म्हातारी मरावी, असं मनात यायचं. देवळापुढनं जाताना मान वर होत नव्हती. त्याच्यानंतर तिकीट नंबर मिळाला. अन् तू श्रीमंत म्हणायलास.”

काही वेळ आम्ही दोघं गप्प बसलो. लांबवर कुणीतरी उरलेल्या फटाक्यांची लड लावली. मामांना ती ऐकू आली की ओट्याला जाणवली, कोण जाणे, पण त्यांनी तिकडं मान वळवली.

*

मग मी त्यांना दुसरा सिनेमा सांगितला. ‘नोमॅडलँड’. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात एम्पायर नावाचं गाव होतं. गाव कसलं, कंपनीची वसाहतच. जिप्समचे बोर्ड करणारा कारखाना, घरं कंपनीची, सगळं कंपनीचं. 88 वर्षं चाललेला तो कारखाना 31 जानेवारी 2011 ला बंद झाला. पुढच्या सहा महिन्यांत माणसं निघून गेली आणि जुलैत सरकारनं त्या गावचा पिनकोड रद्द केला.

“पिनकोड?” मामांनी हात कानामागं नेला.

“पिनकोड. पत्त्यातला आकडा.”

“म्हणजे पत्रच जायचं नाही.”

“कुणाला जाणार? तिथं कोणी नव्हतंच. सिनेमातली बाई, तिचा नवरा त्या कारखान्यात होता, तो वारलेला. ती एका व्हॅनमध्ये संसार भरते आणि निघते. जिथं हंगाम तिथं काम. दिवाळीसारखा त्यांचा नाताळ आला की गोदामात खोकी बांधायची. उन्हाळ्यात तंबूवाल्यांच्या मैदानावर संडास धुवायचे. आणि मामा, हंगाम आला की बीटाच्या कामावर. साखरेच्या बीटाच्या.”

मामा सरळ बसले. “साखरेच्या?”

“साखरेच्याच. तिकडं साखर बीटाची निघते. गाड्या रांगेनं उभ्या, माणसं गाड्यांतच राहतात. हंगाम संपला की पट्टा पडला, चला पुढं. त्या सिनेमात बरीचशी माणसं खरीच आहेत, तसंच जगणारी, आपापल्या नावानं आलेली. 2021 ला ऑस्कर मिळाला त्याला. सगळ्या जगानं बघितला. कामून? तर एक कारखाना बंद पडला अन् बाई गाडीत राहायला लागली. आपल्याकडं कारखाना चालू झाला की माणसं ट्रकात राहायला जातात. दर वर्षी. त्याला कोण बघतंय?”

हे वाक्य मी वर्गात म्हणणार होतो, ते इथं खर्च झालं. मामांच्या तोंडावर मात्र त्याचा काही परिणाम दिसेना. ते दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते.

“ती बाई एकटी होती का?”

“एकटी.”

“मग तिचा कोयता झाला नसता,” मामा म्हणाले. “इथं नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला मुकादम उचल देत नाही.”

*

आता बोलणं उचलीवर, मुकादमाच्या आगाऊ पैशांवर आलं आणि इथनं पुढं मामांचा आवाज साच्यावरचा झाला. शेजारच्या ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

“तू म्हणतोस, ज्याचं गेलं त्याचं सगळे सांगतात, ज्याला मिळालं नाही त्याचं कोणी सांगत नाही. बरोबर. हौ. पण त्याच्यातनं तू काय काढायलास? की मिल नव्हती तेच बरं?”

“तसं नाही म्हणत मी. पण एका खुंटीला सगळ्या गावानं कपडे अडकवले की खुंटी निघाल्यावर सगळेच उघडे. मुंबईत तेच झालं. इथल्या माणसाला सवयच चार खुंट्यांची. थोडं सोयाबीन, थोडी तूर, शेळी, एक पोरगं पुण्याला कंपनीत, एक हैदराबादला हॉटेलात. काही बंद पडलं तर तेवढंच बंद पडतं. पाऊस दगा देतो, पण पाऊस कायमचा टाळं लावत नाही.”

“चार खुंट्या!” मामांनी मांडीवर हात आपटला. “एकही पक्की नाही म्हणून चार, बाबा. तुझ्यासारख्याला महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो, तू मला खुंट्या मोजून दाखवायलास.”

हे लागलं. लागायचंच होतं.

“ऐक. दत्ता सामंतांनी संप केला. चुकला असल, बरोबर असल, त्याच्यावर मी मुंबईवाल्यांशी भांडलेला आहे, तू नको सांगू. पण अडीच लाख माणूस संपावर गेला म्हणतोस. कसं कळालं अडीच लाख?”

“म्हणजे?”

“मोजलं कसं? हजेरीपट होता म्हणून मोजलं. नाव होतं, तिकीट नंबर होता, खातं होतं, पाळी होती. उद्या जळकोटच्या तांड्यावरनं शंभर कोयते गेले अन् त्यांनी कर्नाटकातल्या फडात कोयता खाली ठेवला, तर किती माणूस संपावर आहे, कुणाला सांगता येईल? फाटक कुठाय, ज्याच्या पुढं बसायचं? कारखाना म्हणतो, आमची माणसं नाहीत, मुकादमाची आहेत. मुकादम म्हणतो, माझी उचल फेडा अन् खुशाल जा. अरे, संप करायला आधी हजेरीपट लागतो. आम्हाला निदान काढून टाकता आलं. त्यांना कोण काढणार? ते कधी घेतलेच नाहीत.”

मी टिपण करायला मोबाइल काढला होता. तो खाली ठेवला.

मामांचं एक आहे, ते जिंकायला लागले की मवाळ होतात. “तुझंही चूक नाही,” ते म्हणाले. “आमची मिल सरकारनं पंचवीस-तीस वर्षं पोसली. आजारी मिल म्हणायचे. आम्ही ठणठणीत, मिल आजारी! भिवंडी-इचलकरंजीच्या मागवाल्यांनी स्वस्त कापड काढलं, आमचे साचे निजामाच्या वेळचे, नवं काही येईना. तोट्यात जायलोय हे आम्हालाबी दिसत होतं. तेवढा पैसा ह्या डोंगराकडच्या गावांवर लावला असता तर तळी झाली असती, हे तू म्हणणारच होतास ना?”

म्हणणारच होतो. 1974 ला केंद्र सरकारनं एका फटक्यात 103 आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, हा आकडाही तयार ठेवला होता. आता तो काढण्यात मजा उरली नव्हती. तरी एक राहिलंच होतं.

“मुंबईच्या कामगारांना निदान घराची आशा तरी राहिली. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर झाले, मॉल झाले, पण त्यातनं थोडी घरं कामगारांसाठी निघाली. 2012 ला म्हाडानं पहिली सोडत काढली. तीस वर्षांनी का होईना. तुम्हाला नांदेडमध्ये काय मिळालं?”

“मला पैसे मिळाले की. पत्रे काढून छत टाकलं. थोरलीचं लग्न केलं. राहिले त्याचा बोअर मारला.”

“पाणी?”

“धूळ,” मामा म्हणाले आणि तोंड भरून हसले. जळकोटच्या माणसानं बोअरची गोष्ट सांगावी आणि शेवटी पाणी लागावं, असं सहसा होत नाही. हा डोंगरी तालुका, खाली काळा दगड.

*

जळकोटला एक मोठा मालक आहे खरं तर, आणि तो दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. 1999 ला तालुका झाला. तहसील आली, पंचायत समिती आली, बँका आल्या, झेरॉक्सवाले, स्टॅम्पवाले, सातबारा काढून देणारे, अर्ज लिहून देणारे, त्यांना चहा देणारे. शेतमालाचा भाव कोसळला तरी स्टॅम्पवाल्याचं दुकान चालतं, किंबहुना जास्तच चालतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, “मग तहसील बंद पडू दे एकदा. तुझा सिनेमा तयार.” आणि लगेच, “पण ती कशाला बंद पडती. साहेब बदलतील, तहसील राहील. सरकार आजारी पडत नसतं.”

मी लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं काढलं. 2018 ला पायाभरणी झाली तेव्हा या भागातल्या प्रत्येक आयटीआयच्या पोराला आपला तिकीट नंबर दिसायला लागला होता. मामा म्हणाले, त्यांच्या पुतण्याच्या पोरानंही फिटरचा ट्रेड त्याच्यासाठीच घेतला. “मी त्याला सांगितलं, लाग. लागत असल तर लाग. पण बायकोला शिवण शिकव, अन् गावचं वावर विकू नको.”

“मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलं की मामा! चार खुंट्या!”

ते चिडले. “ते म्हणणं नाही, ती भीती आहे. मला ती भीती नको होती. माझा बाप पावसाला भ्यायचा. मी वीसेक वर्षं कशालाच भ्यालो नाही. भोंगा वाजला की उठायचं, डबा घ्यायचा, जायचं. सात तारखेला पगार. तुला ठाऊक नाही, सात तारीख माहीत असणं म्हणजे काय असतं. किराणावाला आपल्याकडं बघून उठून उभा राहतो. ती वीस वर्षं मी माणूस होतो, असं समज. तुझ्या त्या बाईला, गाडीतल्या, तिलाबी तेच आठवत असल. तिला कारखान्याचं कौतुक नसल. सात तारखेचं असल.”

मी गप्प बसलो. ‘नोमॅडलँड’वर मी बरंच वाचलं आहे. हे कुठं वाचलेलं नव्हतं.

*

मामी केव्हाच येऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. आमच्याकडं पाठ, चिमणीच्या उजेडात लसूण सोलत. आम्ही थांबल्यावर त्या म्हणाल्या, “झालं का तुमचं?”

“झालं,” मामा म्हणाले. त्यांच्याकडं मामींची पाठ होती तरी त्यांना कळालं. मामींचं बोलणं ऐकायला त्यांना ओठ लागत नाहीत.

“सात तारीख ह्यांची,” मामी मला म्हणाल्या. “माझी दहा तारीख.”

मला संदर्भ लागेना. आई म्हणाली, “अरे, वहिनींचे डबे होते ना.”

हे मला अर्धवट माहीत होतं. नांदेडला असताना मामी मिलमधल्या एकट्या माणसांचे डबे करायच्या. मुखेड, कंधार, देगलूरकडची पोरं, खोली करून राहणारी. सात तारखेला त्यांचा पगार व्हायचा आणि दहाला मामींचे पैसे यायचे. एका वेळी सतरा डबे होते, म्हणाल्या. पहाटे तीनला उठून भाकरी. पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत.

“सतरा?” मी म्हणालो. मला ते चार-पाच वाटत आले होते.

“सतरा. मिल बंद झाली तर ह्यांचा हिशेब झाला. साहेब बसला टेबलावर, एवढी वर्षं, एवढे पैसे, इथं सही. माझ्याकडं कोण आलं हिशेबाला?” तक्रार अशी नव्हती. तूर कितीला गेली हे सांगावं तसं त्या सांगत होत्या.

मामा चुळबुळले. “बुडवलं नाही कुणी तुझं. देगलूरवाला नंतर येऊन देऊन गेला.”

“तो आला. बाकीचे कुठं गेले, कुणाला ठाऊक? पैसे असते तर देऊनच गेले असते. चांगली पोरं होती.” मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातनं एक वही काढून माझ्या हातात दिली. “तुला लिहायचंय ना. हे घे.”

लांबट, पाठीवर कापडाची पट्टी असलेली, किराणा दुकानात असते तसली वही. चिमणी जवळ ओढली. नावं नव्हती, गावं होती. मुखेड मोठा. मुखेड बारका. लोहा. कंधार चष्मा. गावापुढं उभ्या रेघा, एक रेघ म्हणजे एक डबा. रविवारी आडवी रेघ. ज्यांचे पैसे आले त्यांच्यावर काट. शेवटच्या महिन्यात काट कुठंच नव्हती. ‘लोहा’पुढं एकोणीस रेघा आणि पुढं बाईच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: गावाकडे.

पान उलटलं. तिथं एकच गाव होतं. जळकोट. त्याच्यापुढं अकरा रेघा, रविवारची एक आडवी.

“हे कोण? जळकोट?”

मामींनी मामांकडं बोट केलं.

“मिल बंद झाल्यावर ह्यांचाबी डबा लिहून बघितला,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांसारखा. एका माणसाला दोन वेळा जेवायला दिवसाला किती जातंय, आलेले पैसे किती दिवस पुरतील, तो अंदाज घ्यायला. इतकी वर्षं ह्यांचं कधी लिहिलंच नव्हतं ना.”

“अन् अकराव्या दिवशी काय झालं?”

“अकराव्या दिवशी अंदाज आला.”

मामांनी हे सगळं मामींच्या ओठांकडं बघत ऐकलं. ही वही घरात आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं असं त्यांच्या तोंडावरनं दिसलं. त्यांनी ती माझ्या हातातनं घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि अंगठ्यानं ‘मुखेड बारका’ या अक्षरांवरनं हात फिरवला. “हा मेला,” म्हणाले. “कोरोनात. पुण्याला होता.” मग पुढचं नाव. “हा एटीएमवर होता, सांगितलं ना तुला.” मग पुढचं. असं करत ते सतराही नावं वाचत गेले. सहांचं त्यांना सांगता आलं, दोघांचं मामींना. बाकीची गावं तशीच राहिली.

आपलं पान त्यांनी उलटलं नाही.

लाईट आली. आतनं टीव्हीचा आवाज एकदम ओट्यावर आला, आम्ही बंद करायचं विसरलो होतो. आकाशकंदिलाची माळ लागली. मामींनी चिमणी फुंकली आणि लसणाचं सूप घेऊन आत गेल्या.

“चल,” मामा वही काखेत धरून उठले. “लाव पुढचं. आवाज बंद कर. आईचं काय होतंय तेवढं बघू.”